शेवटी येणाऱ्यानं मालवायचा

दार उघडलं आणि आत अंधार होता. इतकंच झालं. किल्ली अजून कुलपात, पिशवी कोपराला लटकलेली, एक चप्पल अर्धी निघालेली, आणि समोर पॅसेज नाही. उजव्या हाताला चपलांचं कपाट, डाव्या हाताला भिंत, टोकाला स्वयंपाकघर, मध्ये आईच्या खोलीचं दार आणि दारावर काचेची आडवी पट्टी. हे सगळं आहे तिथंच असणार हे तिला ठाऊक होतं, पण पायांना ठाऊक नव्हतं. पाय उंबऱ्यावरच थांबले. गेली कित्येक वर्षं ती या दारातून उजेडातच आत आली होती, सकाळी, दुपारी, कधीही. पॅसेजला खिडकी नव्हती आणि तिथला दिवा कधी मालवला जात नव्हता. आणि डोकं काही विचार करू लागायच्या आधी, बरगड्यांच्या मागे कुठंतरी, एक वाक्य उठून उभं राहिलं: तो आला. वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. ते तिचं होतं असंही म्हणता आलं नसतं. ते या घराचं होतं, भिंतीला वर्षानुवर्षं हात टेकून उमटलेल्या डागासारखं. ती तशीच उभी राहून कानोसा घेऊ लागली, पुरुषाचं खोकणं, खुर्ची सरकल्याचा आवाज, काहीही. मग नाकात जळकट वास शिरला, करपलेल्या प्लास्टिकचा आणि जुन्या धुळीचा, आणि तिला कळलं की कुणी आलेलं नाही. होल्डर जळलाय.

"आला का गं तो?" आतून आईनं विचारलं. आवाज हलका, ग्लानीतून वर आलेला.

"नाही. दिवा गेलाय."

"मग लाव."

"लावते."

"अंधार ठेवू नकोस. तो यायचाय."

तिनं चप्पल काढली, भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेली, खणातली बॅटरी आणली आणि चपलांच्या कपाटावर उभी करून ठेवली, तोंड छताकडे. छतावर एक मळकट वर्तुळ पडलं. आई आत समाधानानं कण्हली. आलीस का, दमलीस का, असं तिनं विचारलं नाही; ते विचारायची या घरात पद्धतच नव्हती. जो आला त्याच्याबद्दल काय विचारायचं. विचारायचं ते न आलेल्याबद्दल.

पद्धत वडिलांची. ते बाटल्यांच्या कारखान्यात पाळीवर जात, आई शिवणाच्या दुकानात उशिरापर्यंत मशिनवर, ती आणि तिचा धाकटा भाऊ शाळेत, मग शिकवण्यांना, मग कुठं कुठं. चार माणसं, चार वेळा, किल्ल्या चौघांकडे. वडिलांना झोपमोड सहन होत नसे आणि चौकशा त्याहून नसत. म्हणून त्यांनी एक दिवस स्टुलावर चढून पॅसेजमध्ये दुधी काचेचा गोळा बसवला आणि सगळ्यांना खाली उभं करून सांगितलं, शेवटी येईल त्यानं मालवायचा. आधी आलेल्यांनी बटणाला हात लावायचा नाही. कुणाला उठवायला नको, कुणाला विचारायला नको. अंथरुणात डोळा उघडला की दारावरच्या काचेकडे बघायचं: उजेड असेल तर कुणीतरी बाहेर आहे, अंधार असेल तर सगळे आत. "लोक अंधाराला भितात," वडील म्हणायचे, "आपण उजेडाला भ्यायचं." ते स्वतःच्या विनोदावर हसत नसत, म्हणून तो विनोद होता की नाही ते कधी कळलं नाही. पण पुढं सवय हाडात गेली. मैत्रिणीकडे राहायला गेली तेव्हा ती तिथल्या मिट्ट काळोखात गाढ झोपली होती, आणि मैत्रिणीच्या आईनं पाणी प्यायला उठून दिवा लावल्याबरोबर दचकून उठून बसली होती: कोण यायचं राहिलंय.

भाऊ खोड्या काढायचा. तो तिच्या आधी घरी आला की मुद्दाम दिवा मालवून टाकायचा, म्हणजे ती आली की अंधारात धडपडेल. ती धडपडायची, चपलांच्या कपाटावर गुडघा आपटायची, आणि आई खोलीतून ओरडायची, अरे, दिवा का मालवलास, मनी यायचीय अजून. आणि तो साळसूदपणे म्हणायचा, मला वाटलं आली. "ही घरात आहे की नाही ते कळतं कुठं? मांजरासारखी येते, मांजरासारखी जाते." मनी हे नाव त्यानंच पाडलं होतं. सगळे तिला मनीच म्हणू लागले, वडीलसुद्धा. तो गेल्यावर ते नाव कुणी वापरलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. कपातला चहा निवून जातो तसं ते गेलं, आणि आई तिला नुसतं अगं म्हणू लागली.

तो गेला त्याला कारण म्हणावं असं काही नव्हतं. भांडणसुद्धा धड झालं नाही. वडील जेवताना काहीतरी लागेल असं बोलले, तो ताटावरून उठला, आई म्हणाली बस रे, आणि तो म्हणाला येतो जरा. पुढं बरेच दिवस फोन येत होते, दूरच्या कुठल्या कुठल्या गावांतून, आवाज वाऱ्यात सापडल्यासारखा. मग फोन येईनासे झाले. त्या पहिल्या संध्याकाळी ती शेवटी घरी आली होती. वडील आत, आई आत. तिनं सवयीनं बटणाकडे हात नेला आणि आई म्हणाली, असू दे, तो यायचाय. हात तसाच खाली आला. तेव्हापासून दिवा जळत होता. गोळे गेले, नवे लावले. दर वेळी स्टुलावर तीच चढायची आणि खालून आई म्हणायची, लवकर कर, लवकर. वडील वारले तेव्हाही तो जळत होता. वडील घरातच होते, त्यामुळे त्यांच्या जाण्यानं दिव्याचा हिशेब बदलला नाही. आणि ती रोज शेवटी यायची, दार लावायची, उजेडाखालून चालत आपल्या खोलीत जायची, आणि उजेड तसाच मागे राहायचा. आपण आत आलो तरी कुणीतरी बाहेरच आहे. कधीकधी बसमध्ये उभ्या उभ्या तिला वाटायचं, ते बाहेर राहिलेलं माणूस आपणच आहोत.

वायरमन दुसऱ्या दिवशी आला. पोट सुटलेला, कानावर पेन्सिल, तोंडानं अखंड चालू. त्यानं गोळा खाली काढला, होल्डर स्क्रू-ड्रायव्हरनं टोचला आणि त्याचा चुरा पॅसेजभर पडला. "ताई, हे घर अजून पेटलं कसं नाही?" त्यानं बाकीच्या खोल्याही पाहिल्या. स्वयंपाकघरातली ट्यूब, जिचा स्टार्टर रोज चिमटीत धरून फिरवल्याशिवाय ती डोळा उघडत नसे. आईच्या खोलीतली, जिचं झाकण पिवळं पडून आत मेलेल्या किड्यांची रांग लागली होती. न्हाणीघरातला लोंबता बल्ब. "चोक आता कुणी बनवत नाही. भंगारवालासुद्धा तोंड वाकडं करतो. सगळं काढा."

"सगळं नाही जमायचं," ती म्हणाली. "दिवसा आईपाशी बाई असते, तिचा पगार असतो, औषधांचं असतं."

"मग असं करू. वायर जिथं कुजलीय तिथंच बदलू. दोन खोल्यांत साध्या एलईडी पट्ट्या टाकू, न्हाणीघरात नुसता होल्डर. आणि दोन पट्ट्यांवर हा तिसरा दिवा निम्म्या किमतीत मिळतोय, तो इथं पॅसेजला." त्यानं खोक्यातून पांढरी बशी काढली. बशीच्या मधोमध वाटाण्याएवढा एक फुगवटा होता, आंधळ्या डोळ्यासारखा. "याला बटण लागत नाही. माणूस हललं की लागणार, हलायचं थांबलं की थोड्या वेळानं आपला आपण विझणार. बिल वाचेल तुमचं. इथं दिवसरात्र दिवा जाळता म्हणे?"

"सतत चालू ठेवायचा असला तर?"

"महागातल्याला तशी सोय येते. याच्यात नाही." तो थांबला. "साधा गोळाच देऊ का परत? पण तो पूर्ण किमतीत पडेल."

तिला कळत नव्हतं असं नाही. दारावरची काच तिला दिसत होती, काचेपलीकडे आई औषधाच्या गुंगीत होती, डॉक्टरांनी चार दिवसांपूर्वी जिन्यात गाठून सांगितलं होतं की आता हवं ते खाऊ द्या, हवं ते बोलू द्या. एक शब्द, 'साधा', एवढंच म्हणायचं होतं. तोंडात तो शब्द तयार होता. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी हललं, जुनं, चिवट, रागावलेलं, वर्षानुवर्षं स्टुलावर चढून दुखऱ्या झालेल्या पोटऱ्यांसारखं. एक दिवा, जो कुणाच्या सांगण्यावरून जळत नाही आणि कुणासाठी ताटकळत नाही. माणूस असलं की लागतो, नसलं की विझतो. किती सरळ.

"हाच लावा," ती म्हणाली.

वायरमनचं आवरल्यावर ती कामावर गेली. ती कवळ्या बनवणाऱ्यांच्या कारखान्यात होती, खिडकीजवळच्या टेबलावर. खिडकीजवळ अशासाठी की दातांचा रंग दिव्याखाली पारखता येत नाही, दिवा खोटं बोलतो. तिचं काम शेवटचं. बाकीचे साचे घेत, मेण ओतीत, दात बसवीत; ती बारीक कुंचल्यानं त्या दातांवर डाग घालायची. मुळाशी चहाचा पिवळेपणा, एखाद्या सुळ्याला केसाएवढी चीर, समोरच्या दोघांत उगीच थोडं अंतर भासेल अशी रेघ. खरा दात पांढरा नसतो. पांढरा दिसला की समोरच्याला कळतं, आणि तोंडवाल्याला कळतं की समोरच्याला कळलंय. शेजारच्या टेबलावरचा साचेवाला, ज्याला सगळे बत्तीशी म्हणत कारण त्याच्या स्वतःच्या तोंडात चारच उरले होते, म्हणाला, "आज डाग जास्त पडतायत तुमच्या हातनं. गिऱ्हाईक म्हणेल, पैसे मोजून हे किडके कशाला."

"खरे वाटतात ना?"

"खऱ्याहून खरे. तेच म्हणतो मी."

आईची कवळीही तिनंच केली होती, फार वर्षांपूर्वी, आणि त्यात डाग घालताना तिनं भावाच्या दातातली चीर घातली होती, डावीकडच्या वरच्या सुळ्यावर. आईच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. आता कवळी उशाशी वाटीत पाण्यात पडून असे आणि आईचा चेहरा तिच्याशिवाय आत आत मिटत चालला होता.

संध्याकाळी दार उघडलं तर दिवा आपोआप लागला. इतका पांढरा की तिनं डोळ्यांवर हात घेतला. भिंतीवरचे हातांचे डाग, फुगलेला रंग, कपाटाच्या कडेला अडकलेला कोळिष्टकाचा धागा, सगळं एकदम उघडं पडलं. पिवळ्या उजेडानं इतकी वर्षं किती सांभाळून घेतलं होतं. ती आईच्या खोलीत गेली. बाई पर्स खांद्याला लावून तयारच होती; आई दिवसभर गुंगीत होत्या, आत्ताच डोळे उघडलेत, म्हणाली. बाई गेली, दार वाजलं. ती आईच्या पलंगाशी बसून चमच्यानं दूध भरवू लागली. दूध ओठाच्या कोपऱ्यातून परत येत होतं, ती टिपत होती. दारावरची काच पांढरी होती. आणि चमचा मध्येच असताना काच काळी झाली.

आईनं चमचा तोंडानंच बाजूला सारला. डोळे काचेवर. त्या डोळ्यांना आता माणसं नीट दिसत नव्हती, पण उजेड दिसत होता, आणि उजेड नसणं दिसत होतं. चेहऱ्यावर काहीतरी चढत गेलं, पायांकडून वर आल्यासारखं, हळूहळू.

"आला," आई म्हणाली. विचारलं नाही.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा भोंगा वाजत होता. तिच्या हातातला चमचा गरम होता. नवीन दिवा आहे आई, तो आपोआप विझतो. हे वाक्य लहान होतं, खरं होतं, आणि तिनं ते पूर्ण जुळवलंही होतं.

"हो," ती म्हणाली.

"जेवला?"

"जेवून आलाय."

"बाहेरचं खातो. वाळलाय का?"

"थोडा."

"मग इकडं का येत नाही?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाली, "लाजत असेल. लाजू दे. तोंड काय, कधीही दाखवील. आलाय ना, पुरे." मग उशाकडे बोट केलं. "माझे दात दे. आत आला तर बोळकं बघून काय म्हणेल."

तिनं वाटीतून कवळी काढली, झटकली, आईच्या तोंडात बसवली. चेहरा बाहेर आला. डावीकडच्या सुळ्यावर चीर होती. आई दात घालून, हात पोटावर ठेवून, दाराकडे तोंड करून झोपली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा कण्हली नाही.

खोटं सुरू करायला एक शब्द लागतो. चालू ठेवायला माणूस लागतो. हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. बाई दिवसभर स्वयंपाकघर आणि खोली यांत खेपा घालायची, दिवा लागायचा, विझायचा, आणि आई त्याचा अर्थ लावत पडायची. संध्याकाळी बाई दारातच भेटली. "ताई, आई म्हणतात भाऊ आलाय. दिवसभर आतबाहेर करतोय, लहानपणापासून पायाला भिंगरी आहे म्हणे. मी तर कुणी बघितलं नाही."

"नसेल बघितलं."

बाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग वर त्या बशीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "माझ्या सासूला शेवटी शेवटी तिची मेलेली म्हैस दिसायची," ती म्हणाली. "आम्ही रोज संध्याकाळी बादली वाजवायचो. काही बिघडलं नाही आमचं." आणि पर्स सारखी करून जिना उतरली.

पण म्हशीचं बादलीवर भागत होतं. आईला रोज अंधार हवा होता, आणि अंधाराआधी पावलं. "गेलाय का परत?" काच पांढरी राहिली की आई उशीवर डोकं घासायची. घरात ती एकटी. तिला पाणी आणायचं असायचं, चादर वाळत घालायची असायची, आणि प्रत्येक हालचालीला तो आंधळा डोळा उघडायचा. म्हणून तिनं कपाटाच्या तळातून वडिलांचे कारखान्यातले बूट काढले. कातडं ताठून लाकूड झालं होतं. भाऊ डावी टाच घासत चालायचा; आई म्हणायची, चपला फुकट येतात का. सगळं आवरलं की ती बूट चढवायची, बाहेरच्या दाराशी जायची, दार उघडून लावायची, आणि डावी टाच घासत पॅसेजमधून चालत यायची. स्वतःची चाल इतकी हलकी की ती कुणाला कधी ऐकू आली नव्हती. भावाची मात्र पहिल्याच प्रयत्नात जमली. काच पांढरी. आत आई श्वास धरून ऐकतेय हे तिला कळायचं. मग खोलीच्या दाराशी, काचेखाली, ती उभी राहायची आणि हलायचं थांबायची.

हेच खरं अवघड होतं. उभं राहणं सगळ्यांना येतं, पण न हलणं वेगळं. मान नाही, बोट नाही. खाज येते, ती येऊ द्यायची. आपण इथं आहोत हे त्या वाटाण्याएवढ्या डोळ्याला कळता कामा नये. आपण भिंत, आपण कपाट, आपण कपाटावर टाकलेलं कुणाचं तरी जुनं जाकीट. आणि मग विझायचा. दर वेळी, विझताना, तिला वाटायचं: यंत्रानं पाहिलं, मोजलं, आणि इथं कुणी नाही असं ठरवलं. आत आई सुस्कारा सोडायची. सगळे आले. आणि तिला हलता यायचं नाही, कारण हललं की पुन्हा उजेड, पुन्हा कुणीतरी बाहेर. आईचा श्वास लांबेपर्यंत ती अंधारात वडिलांच्या बुटांत, भावाच्या जागी, न हलता उभी राहायची. तिला राग यायचा तो भावाचा. पण दूर गेलेल्याचा येतो तसा नव्हे, घरात असलेल्याचा येतो तसा. आलायस तर एकदा आईचं पांघरूण तरी सारखं कर. एक भांडं तरी विसळ. सगळं मीच करायचं, आणि यायचं मात्र तू.

त्या संध्याकाळी आकाश भरून आलं होतं आणि बाई लवकर जायच्या घाईत होती. "आज पाणीसुद्धा घेतलं नाही," ती म्हणाली. "दात मात्र काढू देत नाहीत. मी हात लावला तर चावल्या." बाईनं बोट दाखवलं आणि दोघी हसल्या, आणि हसणं लगेच संपलं. आईचा श्वास खोलीतून ऐकू येत होता, ओल्या कापडातून ओढल्यासारखा. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मी येऊन जाईन, पण तुम्ही जवळ थांबा. जवळ म्हणजे किती जवळ, असं तिच्या मनात आलं. ती पलंगाशी बसली, हात हातात घेतला. आईनं तो सोडवून घेतला आणि काचेकडे वळली. "अजून आला नाही," ती म्हणाली. "आज उशीर."

"येईल."

"तू जा, बघ."

तिनं बूट चढवले. दार उघडलं, लावलं. डावी टाच घासली. पांढरा उजेड डोक्यावर पडला, भिंतीवर तिची सावली पडली, बुटांमुळे पुरुषाची. ती खोलीच्या दाराशी आली आणि थांबली. हात बाजूला. हनुवटी स्थिर. समोरच्या भिंतीवर एक जुना डाग होता, खांद्याच्या उंचीचा; भाऊ तिथं हात टेकून बूट काढायचा, की वडील, आणि ती आठवू लागली की आपण कुठं हात टेकत होतो, आपला डाग कुठं आहे, या एवढ्या लांब भिंतीवर कुठंतरी खाली, लहानपणी तरी, एखादा, आपलाही हात कधीतरी तेलकट

विझला.

ओला श्वास थांबला. तिला वाटलं, आता सुस्कारा येईल. आला नाही. काळोखात फक्त बुटांच्या कातड्याचा वास आणि स्वयंपाकघरात नळाचा थेंब. मग आई बोलली. आवाज ग्लानीतला नव्हता. भरदार होता, तिरसट, शिवणाच्या दुकानातून दमून आलेल्या बाईचा.

"अरे, दिवा का मालवलास?"

ती हलली नाही.

"मनी यायचीय अजून."

तिनं पोटऱ्या आवळून धरल्या. सवय झाली होती.

"तुला दर वेळी खोड्याच सुचतात. लाव बघू. अंधारात गुडघा फोडून घेते ती, आणि बोलतसुद्धा नाही."

बोलत नसे, हे आईला माहीत होतं. गुडघा माहीत होता. तिला आठवलं, ती आपटल्यावर ओठ दाबून उभी राहायची, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ऐकू गेलं होतं. इतकी वर्षं ते ऐकू गेलेलं आईनं कुठं ठेवलं होतं? तिनं हात वर केला. उजेड धाडकन खाली आला.

"हं," आई म्हणाली. "असू दे आता. ती आली की मालवील."

आत जायचं. चार पावलांवर पलंग. बूट काढायचे, आत जाऊन म्हणायचं, आई, आले मी. एवढंच. मग आईला कळलं असतं की सगळे आले, आणि दिवा विझला असता, आणि ते खोटं राहिलं नसतं, निम्मं तरी. तिनं डाव्या बुटाची नाडी सोडायला वाकावं असं मनात आणलं. पण काच पांढरी होती आणि काचेपलीकडे कुणीतरी तिची वाट बघत होतं. तिची. कपाटाला टेकून ती हळूच खाली बसली, गुडघे छातीशी घेऊन. थोडा वेळ. थोडाच वेळ. आत गेलं की ती आलेली असणार होती, आणि आलेल्याबद्दल कुणी काही विचारत नाही. ती बाहेर होती तोवर हा दिवा तिचा होता, या घरातला, या भिंतींमधला, सगळा, तिच्या नावानं जळणारा, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, डोळे दुखेपर्यंत, न हलता

विझला. तिनं हात वर केला. लागला.

"आली का रे?" आतून आलं. आवाज पुन्हा ओला झाला होता.

तिनं बुटाची नाडी मुठीत घट्ट धरली.

"बाहेर काळोख झालाय. बसस्टॉपवर जाऊन ये जरा." मग बराच वेळ नुसता श्वास, येणारा, थांबणारा, येणारा. "तिला सांग, जेवायला थांबलेय मी." कवळी दातावर दात आपटल्यासारखी वाजली. ती ऐकत होती. उठायला हवं, हे तिला कळत होतं, अगदी स्पष्ट, त्या उजेडात भिंतीवरचे पोपडे दिसत होते तितकं स्पष्ट. श्वास येत होता, थांबत होता. प्रत्येक थांब आधीच्याहून लांब होता, आणि ती प्रत्येक थांबात स्वतःला सांगत होती, हा आला की उठते, हा

विझला. तिनं हात वर केला.

लागला.

आत श्वास आला. ती थांबली. पुन्हा आला का, का तो नळ होता, तिला सांगता आलं नसतं. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, डॉक्टरांची असतील, वरच्या मजल्यावरच्यांची असतील. काच पांढरी होती. कुणीतरी यायचं होतं. ती हात डोक्यावर धरून हलवत राहिली, नदीपलीकडच्या माणसाला दाखवावा तसा, आणि हात भरून आला तेव्हा तिनं हात बदलला.